मुक्त डेटा : पुण्यातल्या खगोलशास्त्रातली पद्धत

मुक्त डेटा म्हणजे दुर्बिणीतून, प्रयोगातून किंवा मशीनमधून निघालेले कच्चे आकडे, जे ज्यांनी गोळा केले त्यांच्यापुरते न ठेवता ठरलेल्या मुदतीनंतर कुणालाही फुकट वापरू द्यायचे, आणि नुसते वापरू द्यायचे असं नाही तर ते वाचायचे कसे हेही सोबत सांगायचं. मराठीत याला मुक्त विदा असा शब्द आहे, पण लॅबमध्ये बसलेली माणसं डेटाच म्हणतात म्हणून इथे पण तेच. ही पद्धत जवळून बघायची असेल तर पुण्याइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल, कारण विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) आणि आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) या दोन संस्था शेजारी शेजारी आहेत आणि पुण्यापासून साधारण 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण उभी आहे.

जीएमआरटी म्हणजे एकच डिश नाही, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश मिळून एक दुर्बीण होते. 14 डिश मधल्या भागात जवळजवळ आणि बाकी 16 वाय आकाराच्या तीन हातांवर, पसारा साधारण 25 किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांनी ही कल्पना मांडली आणि डिशला भरीव पत्रा न लावता बारीक स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली म्हणून खर्च आवाक्यात राहिला. 2002 पासून जगातला कुणीही संशोधक इथे वेळ मागू शकतो. प्रस्ताव पाठवायचा, कमिटीला पटला की वेळ मिळतो, पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही. निरीक्षण झालं की 18 महिने तो डेटा फक्त त्या टीमचा आणि नंतर तो अर्काइव्हमध्ये सगळ्यांना खुला होतो. ही मुदत मला अगदी योग्य वाटते, कारण रात्र रात्र जागून निरीक्षण करणाऱ्या पीएचडीच्या मुलाला आधी पेपर लिहायला वेळ मिळालाच पाहिजे, पण तो डेटा कायमचा कुणाच्या कपाटात बंद होऊन पडता पण कामा नये.

कपाटात न पडल्याने काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे टीजीएसएस हे आकाशाचं रेडिओ सर्वेक्षण. 2010 ते 2012 मध्ये जीएमआरटीने 150 मेगाहर्ट्झच्या आसपास जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पिंजून काढलं, कच्चा डेटा अर्काइव्हमध्ये होता, पण इतक्या कमी फ्रीक्वेन्सीला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार त्रास देतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा हलताना पलीकडचं सगळं थरथरताना दिसतं ना तसंच, त्यामुळे चित्रं स्वच्छ करणं महाकठीण. मग ह्यूब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तोच जुना डेटा घेतला, आयनोस्फिअरची गडबड दुरुस्त करणारं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालवलं आणि 2017 मध्ये आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग आणि 6 लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशातल्या वस्तूंची, यादी सगळ्यांसाठी प्रसिद्ध केली. या सगळ्यासाठी खोडदची डिश परत एकदाही फिरवावी लागली नाही. रॅड अ‍ॅट होम या नागरिक-विज्ञान प्रकल्पात कॉलेजची मुलं याच सर्वेक्षणाची चित्रं वापरून घरबसल्या आकाशगंगा शोधतात.

पण फाईल डाउनलोड झाली म्हणजे काम झालं असं नसतं. जीएमआरटीचा जुना डेटा एलटीए नावाच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असतो, तो आधी फिट्समध्ये बदलावा लागतो, म्हणजे खगोलशास्त्रात जगभर चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये. आत उघडून बघितलं की 30 डिशच्या 435 जोड्या, प्रत्येक जोडीचे आकडे, सुरुवातीला थ्रीसी 48 किंवा थ्रीसी 286 सारख्या, तेज आधीच माहीत असलेल्या स्रोताकडे बघून घेतलेलं माप, मग आपला स्रोत, मग थोड्या थोड्या वेळाने परत जवळचा एक कॅलिब्रेटर, म्हणजे माप जुळवून घ्यायला वापरायचा स्रोत. त्या दिवशी कुठली डिश बंद होती, कुठल्या चॅनेलवर कुणाचा तरी ट्रान्समीटर घुसला होता, हे लॉगमध्ये नसेल तर बिचारा वाचणारा आठवडाभर भूत शोधत बसतो. म्हणून माझ्या मते डेटाइतकाच त्याच्याबरोबरचा हा कागद महत्त्वाचा आहे, आणि नेमकं तेच लिहायचा लोक कंटाळा करतात.

सगळ्या दुर्बिणींचा डेटा एकाच पद्धतीने शोधता यावा म्हणून 2002 मध्ये देशोदेशीच्या व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे नेटवरून डेटा शोधायच्या वेधशाळा, प्रकल्पांची आंतरराष्ट्रीय आघाडी झाली. त्यात आयुका होती, आणि पुण्याच्याच पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर मिळून व्हीओप्लॉट नावाचं आलेख काढायचं सॉफ्टवेअर इथे तयार झालं.

गुरुत्वीय लहरींमध्ये, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या अभ्यासात, तर सहकार्याशिवाय पानच हलत नाही. 14 सप्टेंबर 2015 ला या लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड इथल्या दोन्ही यंत्रांना सुमारे 7 मिलिसेकंदांच्या अंतराने एकच सिग्नल लागला, 11 फेब्रुवारी 2016 ला घोषणा झाली आणि सिग्नलच्या आसपासचा डेटा त्याचबरोबर खुला केला गेला. 32 सेकंदांची ती फाईल साध्या लॅपटॉपवर उघडते. गोंगाटातून असा सिग्नल वेगळा काढायच्या गणितावर आयुकात संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षं आधीपासून काम केलेलं होतं.

दुसरी गोष्ट पल्सारची, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांची. अगदी संथ गुरुत्वीय लहरी पकडायला पल्सारचे ठोके वर्षानुवर्षं मोजतात, पण ते ठोके आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे उशीर होतो आणि फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितका उशीर जास्त, त्यामुळे हा उशीर नीट मोजायला कमी फ्रीक्वेन्सीची दुर्बीण लागते. युरोपच्या टीमकडे कितीतरी जुन्या वर्षांपासून मोजलेले ठोके, आपल्याकडे अपग्रेड झालेली जीएमआरटी. पल्सारचे ठोके मोजणाऱ्या भारतीय इनपीटीए गटाने 2022 मध्ये 14 पल्सारचा साडेतीन वर्षांचा डेटा प्रसिद्ध केला आणि जून 2023 मध्ये युरोपियन गटाबरोबर मिळून या लहरींचे पुरावे जाहीर केले.

इंजिनीअरिंगमध्ये पण हेच. जीएमआरटीच्या अपग्रेडमध्ये बँडविड्थ, म्हणजे एका वेळी टिपता येणाऱ्या फ्रीक्वेन्सींचा पट्टा, 32 वरून 400 मेगाहर्ट्झवर नेली आणि त्यासाठीच्या बॅकएंडमध्ये, म्हणजे डिशकडून आलेल्या सिग्नलवर काम करणाऱ्या यंत्रणेत, कॅस्पर या आंतरराष्ट्रीय गटाची रोच नावाची एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) बोर्डं वापरली, ज्यांची डिझाइन सगळ्या वेधशाळा आपापसात वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकाने पहिल्यापासून सर्किट काढत बसायचं नाही.

इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजात मात्र अजून उलटं चित्र दिसतं. लास्ट इयरचा ग्रुप सेन्सर लावून चार महिने रीडिंग घेतो, ब्लॅक बुक बाइंड होतं, व्हायवा होते आणि रीडिंगची फाईल कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये हरवते, मग पुढच्या वर्षीची बॅच तोच सेन्सर परत शून्यापासून लावते. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण थांबवायला खर्च काहीच नाही. रीडिंगच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल टाकायची: सेन्सर कुठला, सेकंदाला किती रीडिंग, युनिट काय, कुठल्या तारखेला कुठला चॅनेल बंद होता आणि कुणी बदलला.