धावरं: पायात धावतं ते काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तात्यांच्या पायाला उसाचं पाचट लागलं. साधा ओरखडा, हळद दाबली आणि विसरले. दुसऱ्या रात्री हुडहुडी भरली. सकाळी नडगी तांबडीलाल, तापलेली, टम्म. मिरजेच्या डॉक्टरांनी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढली. "उद्या कुठवर जाते बघू." आजी एवढंच म्हणाली, धावरं आहे.

शब्द नेमका आहे. धावतं म्हणून धावरं. कातडीत जंतू शिरून पसरत जाणारी ही लाली. आयुर्वेदातलं तिचं नाव विसर्प, तोही सरपटत जाणाराच. 1883 मध्ये फेलआयझेन यांनी जर्मनीत धावऱ्याच्या कातडीतून साखळीनं वाढणारा जंतू, स्ट्रेप्टोकोकस, वेगळा काढला. चोर सापडला, पण तो वाट कशी काढतो ते कळेना.

उत्तर एन्झाइममध्ये होतं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या विकरांत. 1933 मध्ये अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांनी दाखवलं की हे जंतू माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतात. गंमत अशी की त्यांचं स्ट्रेप्टोकायनेज स्वतः गुठळीला हात लावत नाही. आपल्याच रक्तात झोपलेलं, जागं झालं की गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिनोजेन ते जागं करतं आणि शरीरानं घातलेला बांध घरच्याच माणसाकरवी फोडून घेतं. (पुढे हेच हार्ट अटॅकचं इंजेक्शन झालं.) पेशींमधला चिकट लगदा पातळ करणारं हायल्युरॉनिडेज 1940 मध्ये चेन आणि ड्युथी यांनी ओळखलं, होय, पेनिसिलिनवाले चेन. 1941 मध्ये तर जखम सडवणाऱ्या गॅस गँग्रीनच्या जंतूचं विष हेच मुळी एन्झाइम निघालं.

इथवर समज अशी की एन्झाइम तोडफोड करतात आणि दाह, म्हणजे लाली, सूज आणि ऊब, हा शरीराचा त्यावरचा राग. 1993 मध्ये ती समज अपुरी ठरली. इंटरल्युकिन-1 बीटा हे निरोप्या प्रथिन, ही दाहाची दवंडी, आपल्या पेशींत न कापलेल्या, मुक्या रूपात पडून असते. एरवी ती कापून मोकळी करणारी कात्री आपलीच. स्ट्रेप्टोकोकसचं स्पे-बी हे एन्झाइम ती परस्पर कापतं. म्हणजे दवंडी पिटणाऱ्यांत खुद्द चोरही आहे! त्यात त्याचा फायदा की आपला, हे जागेवर ठरतं: कुठं त्यामुळे पांढऱ्या पेशी वेळेत धावून येतात, कुठं नुसतीच नासधूस होते.

तात्यांची लाली तिसऱ्या दिवशी रेघेच्या आत आली. जंतू पेनिसिलिननं मेले असावेत; सूज उतरायला मात्र पुढे पंधरवडा गेला.