मोठा मास्टर सिलिंडर, जास्त ब्रेक? मुळीच नाही

जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: 'जरा मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर टाका, ब्रेक मस्त लागतील.' मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर आतल्या पिस्टनने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग; बोअर म्हणजे त्याचा आतला व्यास. मोठ्या बोअरने पेडल कडक होतं, हे खरं. ब्रेक मात्र कमजोर होतो. पायाचा जोर तेवढाच आणि पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं, की ऑइलवरचा दाब घटणारच. 3/4 इंचाच्या जागी 7/8 इंच बसवलात तर दाब जवळजवळ 26 टक्के कमी! घाटात उतरताना हे जिवावर बेतेल. त्यामुळे बोल्टची भोकं जुळली एवढ्यावर पार्ट घेऊ नका. जुना सिलिंडर सोबत न्या. बॉडीवरचा आकडा गंज घासून वाचा. दिसत नसेल तर व्हर्नियरने आतला व्यास मोजा.