पुण्यातील भुताखेतांच्या आख्यायिका

पुणे शहर आणि त्यात मिसळून गेलेली जुनी गावे यांत वेताळ, मुंजा, म्हसोबा, आसरा अशा उग्र शक्तींविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथा, तसेच त्यांच्यावरून पडलेली टेकड्या, पेठा, बोळ व चौकांची नावे. ज्याचे भय वाटते त्यालाच शेंदूर फासून वेशीवर राखणीला बसवायचे, ही दख्खनची जुनी रीत. पुण्याच्या रोजच्या पत्त्यांत ती अजून दिसते.

या सगळ्यांत मान वेताळाचा. तो भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली आणि मागे भुतांचा लवाजमा असतो, अशी समजूत आहे. पण हाच वेताळ गावाचा राखणदारही आहे. त्याचे ठाणे बहुधा गावकुसाबाहेर, माळावर किंवा टेकडीवर असते. तिथे नाकीडोळी घडवलेली मूर्ती क्वचितच आढळते. असतो तो तांदळा, म्हणजे शेंदराचे थर चढत चढत गुळगुळीत झालेला ओबडधोबड दगड. अनेक गावांत त्याच्याभोवती शेंदूर लावलेल्या लहान दगडांचे रिंगण असते. ते वेताळाचे सैन्य. गणिती व इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यातच राहत. आसपासच्या टेकड्या आणि गावे पायी हिंडून त्यांनी अशा ठाण्यांच्या नोंदी केल्या, आणि शेंदराखालच्या दगडांत फार प्राचीन लोकजीवनाच्या खुणा शोधल्या. या दैवतांना अडाणी भीतीच्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही, हे त्यांच्या कामामुळे अभ्यासकांना पटले.

आजची गुरुवार पेठ एकेकाळी वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. नाव तिथल्या वेताळाच्या देवळावरून पडले होते. सेनापती बापट रस्त्यावर वेताळबाबा चौक आहे. कोथरूड, पाषाण आणि विधी महाविद्यालय रस्ता यांच्या मधोमध उभी असलेली वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असून शहरातील सर्वांत उंच जागा मानली जाते. माथ्यावर वेताळबाबाचे देऊळ आहे. पहाटे चढून येणारे लोक तिथे हात जोडतात, दोन मिनिटे टेकतात आणि पुढे खाणीच्या दिशेने चालू लागतात. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून रस्ता काढण्याच्या महापालिकेच्या योजनेला कडाडून विरोध झाला. २०२३ मध्ये नागरिक मोर्चाने रस्त्यावर उतरले, तेही वेताळ टेकडी वाचवा म्हणत. वेताळाचे राखणदारपण याहून ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

मुंजा हे लहान मुलाचे भूत. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच मृत्यू आला, असा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असे मानतात. पिंपळाला पार बांधून त्याला मुंजाबा म्हणायचे आणि वर्षातून एकदा नैवेद्य दाखवायचा, असे पुष्कळ घराण्यांत चालत आले आहे. पेठांमधला मुंजाबाचा बोळ आणि धानोरीची मुंजाबा वस्ती ही नावे त्याच्यावरूनच पडलेली. म्हसोबा शेताच्या बांधावर बसतो, शिवाजीनगरात मात्र तो म्हसोबा गेट या बसथांब्यावर भेटतो. विहिरी आणि डोहांवर साती आसरांचा, म्हणजे सात जलदेवतांचा, वावर असतो. रात्री माणसाला त्याच त्या वाटेवर फिरवत ठेवणारा चकवा कुठल्याच देवळात मावला नाही.

शनिवारवाड्याची गोष्ट वेगळी, कारण तिच्या मुळाशी नोंदलेला खून आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे यांना गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, वाड्यातच कापून काढले. त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते. 'काका मला वाचवा' ही काका राघोबादादांना घातलेली त्यांची हाक अमावास्येला, काहींच्या मते पौर्णिमेला, अजून ऐकू येते असे सांगतात. नारायणरावांना पकडण्याच्या हुकमातल्या 'धरावे'चे 'मारावे' झाले ही राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंवरची आख्यायिकाही याच कथेला जोडलेली, आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. खरी घटना घडली ती भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गणेशोत्सवाच्या दिवसांत आणि दुपारी. अंधार आणि अमावास्या लोकांनी नंतर घातली. धन्याला वाचवायला आडवे पडलेले चापाजी टिळेकरही त्याच दिवशी मारले गेले. कथेत त्यांचे नाव फार कमी वेळा येते, ते यायला हवे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना दोषी ठरवले. १८२८ च्या आगीत वाड्याच्या इमारती जळाल्या. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली, आणि हाक त्या मोकळ्या पटांगणातून येते असे सांगणे सोपे झाले.

कथा सांगणे वेगळे आणि भुताच्या नावाखाली माणसाला छळणे वेगळे, ही रेषा आखण्यासाठी झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी शनिवारवाड्यापासून जवळच, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर झाला. त्याच वर्षी संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणे, चटके देणे हा गुन्हा ठरवला. वेताळाला नारळ वाढवण्यावर किंवा मुंजाबाच्या पारावर दिवा लावण्यावर त्यात बंदी नाही.