जुन्या ध्वनिवर्धकाचे मॉड्युलेटरमध्ये रूपांतर

सभा-समारंभांसाठी बनवलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) जुना ॲम्प्लिफायर हौशी रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरला जोडून त्याच्या वाहक लहरीवर, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओ लहरीवर, आवाज चढवण्याची ही पद्धत आहे. ॲम्प्लिफायरला जिथे पूर्वी भोंगा जोडलेला असे, तिथे आता ट्रान्समीटरच्या अंतिम टप्प्यातील व्हॉल्व्हची प्लेट (उच्च दाब मिळणारे त्याचे धन टोक) येते आणि त्या प्लेटला मिळणारा विद्युतदाब बोलण्याबरहुकूम वरखाली होऊ लागतो. त्यामुळे लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, बदलतो. यालाच आयाम मॉड्युलेशन म्हणतात, आणि हौशी मंडळी त्याला सरळ ‘एएम’ म्हणतात. एकपट्टा पद्धत (एसएसबी, म्हणजे वाहक लहर गाळून आवाजाचा एकच पट्टा पाठवणे) रूढ झाल्यापासून एएमवर बोलणारे थोडे उरले आहेत. मात्र घरी बांधलेल्या ट्रान्समीटरवर भरदार आवाज पाठवायचा असेल, तर समजायला आणि दुरुस्त करायला याहून सोपी पद्धत नाही. ट्रान्समीटर हवेवर आणण्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याची चौकट 1978 च्या हौशी रेडिओ सेवा नियमांनी घालून दिली.

नागपुरात अशा ॲम्प्लिफायरचा उगम बहुधा बिछायत केंद्रात असतो. मांडव, सतरंज्या, मोठी भांडी आणि लाउडस्पीकर एकाच दुकानातून भाड्याने देण्याची विदर्भात रीत आहे. पोळा, मारबत, गणपती आणि लग्नसराई यांत वाजलेले व्हॉल्व्हचे संच ट्रान्झिस्टरच्या यंत्रांनी मागे सारले आणि ते माळ्यावर गेले. तिथून काही कबाड्याकडे गेले, तर काही हौशी लोकांच्या टेबलावर आले. एएम ऐकण्याची सवय या शहराला तशीही जुनी आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले आणि 1988 साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या 1000 किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून 1566 किलोहर्ट्झवर ऐकू येऊ लागली.

ॲम्प्लिफायर किती वॅटचा हवा, याचे गणित सरळ आहे. शंभर टक्के मॉड्युलेशनसाठी अंतिम टप्प्यात जितकी विद्युत शक्ती आत जाते, तिच्या निम्मी ध्वनिशक्ती लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या उरलेल्या मालातून जगभरच्या हौशी लोकांच्या हाती आलेला 807 हा व्हॉल्व्ह 600 व्होल्ट आणि 100 मिलिॲम्पिअरवर चालवला, तर आत 60 वॅट जातात. म्हणजे आवाजाचे 30 वॅट पुरेत. ईएल 34 या व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा पुशपुल (दोन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणारा) ॲम्प्लिफायर साधारण 35 वॅट देतो, त्यामुळे तो या कामाला पुरून उरतो. मॉड्युलेशनच्या शिखरावर ट्रान्समीटरची तात्कालिक शक्ती वाहक शक्तीच्या चौपट होते, हे मात्र ॲन्टेना, कपॅसिटर आणि परवान्याची मर्यादा या तिन्हींच्या संदर्भात लक्षात ठेवावे लागते.

वॅट सहज मिळतात. खरी अडचण ॲम्प्लिफायर आणि ट्रान्समीटर यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरची असते, आणि बहुतेक फसलेले प्रयोग तिथेच फसलेले असतात. वरच्या उदाहरणातला 807 ॲम्प्लिफायरला 600 भागिले 0.1, म्हणजे 6000 ओहमचा भार म्हणून दिसतो. ॲम्प्लिफायरच्या मागे मात्र 4, 8, 16 ओहम आणि भोंग्यांच्या लांब तारांसाठी 100 व्होल्ट लाइन एवढ्याच खुणा असतात. खास मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही म्हटले तरी चालेल. त्यावर दोन तोडगे आहेत. पहिल्यात तशाच दुसऱ्या मोडक्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडतात. 8 ओहमची बाजू 8 ओहमला जोडली की त्याची 6600 ओहमची प्राथमिक गुंडाळी प्लेटच्या वाट्याला येते, आणि 6000 ला ती पुरेशी जवळची आहे.

दुसरा तोडगा बाजारातल्या साध्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचा आहे आणि खर्चाच्या दृष्टीने तोच अधिक पटतो. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ‘24-0-24, एक ॲम्पिअर’ एवढे म्हटले की भागते. त्याच्या 48 व्होल्टच्या पूर्ण गुंडाळीला 100 व्होल्ट लाइन जोडायची आणि 230 व्होल्टच्या बाजूने आवाज बाहेर काढायचा. वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे 4.8 येते. त्यामुळे 6000 ओहमचा भार ॲम्प्लिफायरच्या बाजूने सुमारे 260 ओहम दिसतो, आणि 35 वॅटच्या 100 व्होल्ट लाइनला 286 ओहम हवे असतात. पूर्ण मॉड्युलेशनला प्लेटकडे 424 व्होल्ट आरएमएस (एसी दाबाचे परिणामी मूल्य) लागतात, म्हणजे 230 च्या गुंडाळीवर जवळजवळ दुप्पट दाब पडतो. पाहणारा इथे दचकतो. पण हा दाब 50 हर्ट्झचा नसून 300 हर्ट्झच्या वरचा असतो, त्यामुळे गाभ्यातील चुंबकीय प्रवाह मूळ कामातल्या प्रवाहाच्या एक तृतीयांशाहूनही कमी राहतो. इन्सुलेशन तेवढे मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) तपासून घ्यावे.

या दोन्ही ट्रान्सफॉर्मरांना एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह. त्यांच्या पत्र्यांमध्ये हवेची फट नसते. 807 चे 100 मिलिॲम्पिअर त्यांतून गेले की गाभा संपृक्त होतो आणि आवाज घुसमटतो. म्हणून सुधारित हायझिंग जोडणी वापरतात. हिच्यात डीसी प्रवाह 10 हेन्रीच्या चोकमधून (डीसी जाऊ देणाऱ्या पण आवाज अडवणाऱ्या गुंडाळीतून) प्लेटकडे जातो आणि ट्रान्सफॉर्मरमधला आवाज 2 मायक्रोफॅरडच्या उच्च दाबाच्या कपॅसिटरमधून त्याच बिंदूवर येतो. गुंडाळीचे दुसरे टोक चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) जोडतात. 300 हर्ट्झला चोकचा विरोध सुमारे 19 हजार ओहम, तर कपॅसिटरचा जेमतेम 265 ओहम असतो, त्यामुळे दोन्ही प्रवाह आपापल्या वाटेने जातात. 807 च्या स्क्रीन ग्रिडलाही (प्लेटच्या आतल्या जाळीलाही) हाच वरखाली होणारा दाब साधारण 50 किलोओहमच्या रेझिस्टरमधून द्यावा लागतो. केवळ प्लेट हलवली तर मॉड्युलेशन अर्धवट होते आणि शिखरे चपटी पडतात.

गाण्यासाठी बनवलेला ॲम्प्लिफायर जेवढे ऐकवतो, तेवढे रेडिओवर पाठवायचे नसते. बोलणे समजायला 300 ते 3000 हर्ट्झ पुरतात, आणि एएमचा पट्टा सर्वोच्च ध्वनिकंप्रतेच्या दुप्पट रुंद होत असल्याने 3 किलोहर्ट्झच्या आवाजाला 6 किलोहर्ट्झची जागा लागते. तबल्याचा ठोका आणि घुंगराची किणकिण दोन्ही छाटायची असतात. खालची बाजू छाटायला एक कपॅसिटर बदलला तरी पुरे. व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आवाज आत येतो त्या जाळीला, जोडलेल्या 470 किलोओहमच्या रेझिस्टरपुढचा 0.02 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून तिथे 0.001 चा लावला, की सुमारे 340 हर्ट्झखालचा आवाज उतरू लागतो. असे केले नाही तर वरचा मेन्स ट्रान्सफॉर्मरचा हिशेबच कोसळतो, कारण तो 300 हर्ट्झच्या वरच्या आवाजावर बेतलेला आहे.

माळ्यावरून उतरवलेला संच थेट प्लगला लावणे हा शुद्ध अविचार होय. तळाचा पत्रा काढला की मेणाचे कपॅसिटर पाझरलेले, रबरी तारांची साल बोट लावताच गळणारी आणि फिल्टरच्या डब्यांच्या बुडाशी पांढरी भुकटी जमलेली दिसते. कपलिंग कपॅसिटर न तपासता बदलून टाकावेत. गळका कपॅसिटर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब चढवतो, मग ईएल 34 ची प्लेट लालबुंद होते आणि व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जातो. पहिला करंट रेडिओ मेकॅनिक वापरतात त्या सिरीज बोर्डावरून, 100 वॅटचा बल्ब मध्ये ठेवून द्यावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तसाच पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बंद केल्यानंतरही फिल्टरमध्ये 400-500 व्होल्ट टिकून राहतात. ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नये आणि शक्यतो एक हात खिशातच ठेवावा.

भाराशिवाय ॲम्प्लिफायर चालवणे तितकेच घातक असते. ट्रान्समीटर बंद असताना माइकमध्ये कोणी बोलले तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाबाची उसळी येऊन गुंडाळी फुटते. म्हणून बोलण्याच्या बटणाची रिले दोन्ही यंत्रांची एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उच्च दाब) एकत्रच जोडते आणि तोडते. ट्रान्समीटर शेजारीच असल्याने त्याची लहर माइकच्या तारेतून आत शिरते आणि आवाजाऐवजी शिट्टी ऐकू येते. शिल्डेड तार, पहिल्या ग्रिडला 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर हा त्यावरचा नेहमीचा इलाज आहे. एवढ्याने भागले नाही तर आउटपुटमधून मागे येणारी ऋण प्रतिपुष्टी (निगेटिव्ह फीडबॅक) सोडवून पाहावी, कारण नव्या ट्रान्सफॉर्मरमुळे तिचा कला-कोन (फेज) बदललेला असतो.

जुळवणी ऑसिलोस्कोपवर पाहतात. पडद्यावरचा ठिपका आडवा हलवणाऱ्या पट्ट्यांना आवाज आणि उभा हलवणाऱ्यांना लहर दिली, की तिथे समलंब चौकोन उमटतो. शंभर टक्क्यांना त्याचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाच्या टोकातून शेपटी निघाली म्हणजे ऋण शिखरावर वाहक लहर तुटते आहे व शेजारच्या कंप्रतांवर फटफट ऐकू जाते आहे. अशा वेळी ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करणे हाच उपाय. भोंगा वाजवणाऱ्या हाताला हे शिकायला वेळ लागतो.

नागपूरहून 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा काहीशे किलोमीटर आरामात गाठता येतात, त्यामुळे भोपाळ आणि हैदराबाद हे या शहराच्या टप्प्यातले समजावेत. मे महिन्यात पारा अनेकदा 45 च्या वर जातो, आणि ईएल 34 व 807 पेटलेली खोली त्या काळात दुपारी बसण्यालायक राहत नाही. त्यातच वळिवाच्या ढगांचा कडकडाट रिसीव्हरमध्ये भरतो. त्यामुळे असे संच एक तर भल्या पहाटे हवेवर येतात, नाही तर थंडीत.