कस

कस (पुल्लिंगी नाम) : सोन्यारुप्याची शुद्धता, ती पारखण्यासाठी कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ आणि त्यावरून वस्तूच्या अंगचे सत्त्व. रसायन आणि सराफी या दोन्ही व्यवहारांत वावरणारा हा शब्द बेळगाव सीमाभागात मराठी आणि कन्नड शेजारी बोलल्या जात असल्याने विशेष लक्षपूर्वक पाहावा लागतो.

संस्कृत ‘कष्’ (घासणे) या धातूपासून ‘कष’ व ‘निकष’ हे शब्द झाले, आणि ‘कषपट्टिका’ याचे प्राकृतातून ‘कसोटी’ झाले, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो ‘जमिनीचा कस’ या अर्थाबद्दल. जमीन कसणे हे क्रियापद ‘कृष्’ (ओढणे, नांगरणे) या धातूशी जोडले जात असल्याने जमिनीचा कसही तेथूनच आला, असे एक मत आहे. तथापि कसदार दूध, निकस अन्न असे प्रयोग नांगराशी संबंध नसलेल्या वस्तूंनाही लागतात आणि ‘हिणकस’ हा शब्द तर उघडच धातूंतील हिणावरून आलेला आहे. म्हणून सत्त्वाचा अर्थ कसोटीवरूनच विस्तारला असावा, हे अधिक संभवनीय वाटते. कन्नडमधील ‘ओरे’ या शब्दातही घासणे आणि पारखणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत व कसोटीच्या दगडाला तेथे ‘ओरेगल्लु’ म्हणतात. मात्र कन्नड ‘कस’ म्हणजे केरकचरा; त्याचा मराठी शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा. ताकद या अर्थाच्या कन्नड ‘कसुवु’ शब्दाचे नाते मात्र तपासण्याजोगे आहे. हिशेबातील तूट या अर्थाचा ‘कसर’ हा शब्द अरबी असून तोही वेगळाच.

‘बावनकशी सोने’ या प्रयोगातील ५२ हा आकडा कोठून आला, हे निश्चित नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सोन्याचे १६ वर्णक (शुद्धतेच्या प्रती) सांगितले आहेत व कलिंगातील किंवा तापीचा मुगाच्या रंगाचा निकष (कसोटीचा दगड) श्रेष्ठ मानला आहे; ऐन-ई-अकबरीत शुद्धतेच्या १२ पायऱ्या येतात. यांपैकी कोणत्याही मोजणीशी ५२ जुळत नसल्याने तो आकडा अतिशयार्थी असावा.

कसोटीवर दागिन्याची रेघ ज्ञात शुद्धतेच्या सोन्याच्या रेघेशेजारी ओढून त्यांवर नायट्रिक आम्ल सोडतात. त्यात तांबे व चांदी विरघळतात, सोने टिकते. उच्च कसासाठी अम्लराजाचा (सोने विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणाचा) अंश असलेले मिश्रण लागते. अचूक परीक्षेत नमुना शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवतात, तेव्हा हिणकस धातू ऑक्साइडरूपाने मुशीत शोषले जातात आणि उरलेली चांदी नंतर आम्लाने वेगळी काढतात.

नाणेव्यवहारात कस पाहणे हे पोतदाराचे काम होते. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कानडी मुलखात अनेक टांकसाळींचे रुपये चालत, आणि कस कमी भरलेल्या नाण्यावर बट्टा (दर्शनी किमतीतील घट) कापला जाई. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या चांदीच्या रुपयाने १८० ग्रेन वजन व ११/१२ शुद्धता ठरवून दिली, आणि बट्ट्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. हेच प्रमाण २२ कॅरट सोन्याचे, म्हणजे हॉलमार्कवरील ९१६ चे होय. सोनेतारणाचा व्यवहार मात्र आजही दागिन्याचे वजन आणि कस या दोन गोष्टींवरच ठरतो.