अनपेक्षित निकाल आणि टाळलेला निकाल: तिकीट काढून कुस्ती पाहणाऱ्याचे समाधान कशात असते?

आपल्याकडे जुनी माणसे जिला फ्री स्टाइल म्हणत आणि आजची पोरे जिला सरसकट डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात, त्या व्यावसायिक कुस्तीच्या शेवटांबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली गोष्ट म्हणजे अनपेक्षित निकाल. त्यात कोण जिंकले आणि कोण हरले हे स्वच्छ ठरते, फक्त जिंकणारा आपण धरून चाललेलो नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे टाळलेला निकाल. त्यात बेल वाजते, रेफरी हात हलवतो, कोणी तिसराच मध्ये घुसतो, आणि ज्याच्यासाठी पाहणारा तासन्तास बसून होता तो फैसला होतच नाही. दोन्ही वेळी प्रेक्षागृहात सारखाच गलका उठतो, दोन्ही वेळी लोक डोक्याला हात लावतात, आणि म्हणून दोन्हींना 'धक्का' असे एकच नाव देऊन 'लोकांना असे धक्के आवडतात की नाही' असा वाद घातला जातो. हा वाद सुटत नाही, कारण यातल्या एका गोष्टीने तिकिटाचे पैसे वसूल होतात आणि दुसरीने ते बुडतात.

हा फरक समजायला विदर्भातल्या खेड्यातल्या माणसाला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. नागपंचमीला किंवा गावच्या जत्रेला कुस्त्यांची दंगल भरते, तेव्हा शेवटच्या इनामी जोडीसाठी लोक उन्हात बांधावर उभे असतात. बाहेरगावच्या नामांकित पहिलवानाला एखाद्या नवख्या पोराने चीत केले, तर ज्यांनी त्या पहिलवानावर भरवसा टाकलेला असतो तेसुद्धा आखाड्यात धावतात, डफडे वाजू लागते आणि त्या पोराच्या हातात नोटा पडतात. याउलट दोघे एकमेकांना नुसते जोखत राहिले, वेळ संपली, पंचांनी कुस्ती सोडवली आणि इनाम अर्धे-अर्धे वाटले गेले, तर घरी परतणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "लढले कवा बे, नुसते हात धरून उभे होते." पहिल्या वेळी अंदाज चुकला होता, तरीही राग आला नाही. दुसऱ्या वेळी कोणाचाच अंदाज चुकला नव्हता, तरीही राग आला.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. दंगलीतली कुस्ती खरी असते आणि रिंगमधली ठरवून खेळलेली असते, मग तिथे निकाल लागला काय आणि न लागला काय, असे पुष्कळ जण म्हणतात. निकाल आधी ठरलेला असतो यात काही गुपित उरलेले नाही. 1989 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूई (तेव्हाचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ) या कंपनीनेच हा खेळ स्पर्धा नसून करमणूक असल्याचे मान्य केले, कारण तसे मानले गेले की क्रीडास्पर्धांवरची सरकारी बंधने तिला लागू होत नव्हती. पण या कबुलीने निकालाचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले असे मला वाटते. खऱ्या कुस्तीत जोड बरोबरीत सुटली तर दोष कोणाला द्यायचा? दोघांची ताकद सारखी निघाली, एवढेच म्हणता येते. जिथे शेवट माणसाने बसून लिहिलेला असतो, तिथे तो न लिहिण्याचा निर्णयही कोणीतरी घेतलेला असतो, आणि पैसे मोजलेल्या माणसाला ते अचूक कळते.

अनपेक्षित निकालाचे सर्वांत ठळक उदाहरण 6 एप्रिल 2014 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या तिसाव्या रेसलमेनियातले, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमातले आहे. अंडरटेकर 1991 पासून रेसलमेनियात एकदाही हरला नव्हता. एकवीस लढती आणि एकवीस विजय अशी ती मालिका होती, आणि ती कधी तुटेल असे क्वचितच कोणाला वाटत होते. त्या रात्री ब्रॉक लेस्नरने त्याला खांद्यावरून फिरवून आदळण्याचा आपला हुकमी डाव, म्हणजे एफ-फाइव्ह, तीन वेळा मारला. पहिल्या दोन वेळा खांदे टेकलेले असताना रेफरीने तीन मोजण्याच्या आत अंडरटेकर सुटला. तिसऱ्या वेळी रेफरीचा हात तिसऱ्यांदा चटईवर पडला आणि पुढचे काही क्षण विजेत्याचे संगीतही वाजले नाही. पडद्यावर 21-1 हे आकडे उमटले तेव्हा कॅमेऱ्याने टिपलेले चेहरे आजही फोनवर फिरत असतात: उघडे राहिलेले तोंड, डोक्यावर गेलेले दोन्ही हात, आणि एवढ्या मोठ्या स्टेडियमभर पसरलेली शांतता.

त्या लोकांचे पैसे वसूल झाले का? अनेक चाहते आजही नाही म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की ही मालिका तोडायचीच नव्हती, आणि तोडायची होती तर एखाद्या तरुण पहिलवानाच्या हातून तोडायला हवी होती, कारण लेस्नरला त्या मानाची तशी गरज नव्हती. हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो मोडीत काढणार नाही. पण तो निकाल कोणाच्या बाजूने द्यावा याबद्दलचा वाद आहे. त्या रात्री 'अंडरटेकर पुन्हा टिकेल का' या प्रश्नासाठी ज्याने खुर्ची घेतली होती, त्याला उत्तर मिळाले, कोणीही मध्ये न येता मिळाले, आणि ते नंतर कधी मागे घेतले गेले नाही. शिवाय त्याच तिकिटावर, त्याच रात्रीच्या शेवटी, डॅनियल ब्रायनने बतिस्ताला हार कबूल करायला लावून अजिंक्यपद जिंकले. महिनोन्महिने लोक जे मागत होते तेच त्यांना मिळाले. एक निकाल कोणाच्या स्वप्नातही नव्हता आणि दुसरा सर्वांच्या मनातला होता, पण दोन्ही पुरे होते.

पुढच्याच वर्षी, 29 मार्च 2015 रोजी, कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे अनपेक्षित निकालाचा आणखी नेटका नमुना पाहायला मिळाला. लेस्नर आणि रोमन रेन्स यांची लढत अर्ध्यावर असताना सेथ रॉलिन्स धावत आला, आपल्या हातातल्या बॅगेतील, अजिंक्यपदासाठी लढू देणाऱ्या कराराचा हक्क वापरून लढत तिघांची केली आणि रेन्सचे खांदे टेकवून अजिंक्यपदाचा बेल्ट घेऊन गेला. वरवर पाहता हा मध्ये घुसण्याचाच प्रकार दिसतो, आणि गल्लत होते ती इथेच. पण ती बॅग त्याने आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सर्वांदेखत जिंकली होती, ती केव्हाही वापरता येते हा नियम जाहीर होता आणि नऊ महिने तो ती सोबत घेऊन फिरत होता. शेवट अनपेक्षित होता, पण त्याचे बी सर्वांसमोर पेरलेले होते, त्यामुळे पाहणारा स्वतःलाच म्हणतो की हे आपल्या लक्षात यायला हवे होते. त्या हळहळीतही एक मौज असते.

आता टाळलेला निकाल. 6 ऑक्टोबर 2019 रोजी सॅक्रामेंटो येथे रॉलिन्स आणि 'द फीन्ड' या भूमिकेतील ब्रे वायट यांची 'हेल इन अ सेल' प्रकारची लढत झाली. या प्रकारात रिंगभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा उतरवतात. आता पळवाट नाही, बाहेरचा कोणी आत येणार नाही, कशावरूनही बाद ठरवले जाणार नाही आणि आज सोक्षमोक्ष लागेल, हाच त्या पिंजऱ्याचा अर्थ. लालभडक प्रकाशात रॉलिन्सने एकामागून एक तडाखे दिले, तरी फीन्ड उठतच राहिला. शेवटी रॉलिन्सने त्याच्या अंगावर सामान रचून वरून मोठा हातोडा हाणला, आणि रेफरीने लढतच थांबवली. लोक आधी चक्रावले, मग हुर्यो उडवू लागले, लढत पुन्हा सुरू करा म्हणून ओरडू लागले आणि अखेरीस चक्क पैसे परत मागू लागले. रिंगमध्ये फीन्ड पुन्हा उठून रॉलिन्सवर तुटून पडला होता, परंतु एव्हाना तिकडे कोणाचे मन नव्हते.

धक्का तर इथेही बसला होता, कारण ज्या लढतीत थांबवण्याची सोयच नसते ती थांबवली जाईल असे कोणाच्याही मनात आले नव्हते. मात्र धक्का बसला तो पाहणाऱ्याशी झालेला करार मोडल्यामुळे. कंपनीलाही हे उमगले असावे. त्याच महिन्याच्या 31 तारखेला रियाध येथे याच दोघांची पुन्हा गाठ घातली गेली, तेव्हा ही लढत कोणत्याही कारणाने थांबवता येणार नाही अशी अट आधीच जाहीर केली होती, आणि तिथे फीन्डने बेल्ट जिंकला. सॅक्रामेंटोत पैसे भरून बसलेल्यांना मात्र याचा काही उपयोग नव्हता, कारण त्यांना हवे असलेले उत्तर दुसऱ्या देशातल्या प्रेक्षकांना मिळाले.

निकाल टाळण्यामागे आळस नसतो. दोन्ही पहिलवानांचा दबदबा राखायचा असतो, पुढच्या महिन्याची तिकिटे विकायची असतात, आणि कधी कधी दोघांपैकी कोणालाच हरवणे परवडत नाही. आठवड्याच्या टीव्ही कार्यक्रमात हे मी समजू शकतो, कारण तो मुख्यतः पुढच्या मोठ्या कार्यक्रमाची जाहिरात असतो. पण जिथे लोक खास शेवट पाहायला आलेले असतात, तिथे वारंवार असे केले तर गिऱ्हाईक तुटते. पहिलवान आणि कथानके रचणारा डस्टी ऱ्होड्स याच्या नावाने ओळखला जाणारा 'डस्टी फिनिश' हा प्रकार त्याचाच धडा आहे. त्यात आवडता पहिलवान जिंकतो, लोक नाचतात, आणि मग दुसरा रेफरी येऊन काहीतरी तांत्रिक कारण काढतो व निकाल फिरवतो. एकदा केले तर चीड येऊन लोक पुढच्या वेळी अधिक संख्येने येतात. त्याच गावात पुन्हा पुन्हा केले तर ते जिंकल्यावरही टाळ्या वाजवत नाहीत, कारण रेफरी कधी पळत येईल याची वाट पाहायला ते शिकलेले असतात.

मग निकाल स्वच्छ असला की झाले, असा सोपा नियम करता येईल का? मला तसे वाटत नाही, कारण दोन उदाहरणे तो नियम दोन्ही बाजूंनी मोडतात. 7 जुलै 1996 रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश यांनी आपला तिसरा साथीदार गुप्त ठेवून लढत लावली. शेवटी वर्षानुवर्षे लोकांचा लाडका असलेला हल्क होगन आला आणि त्याने हॉल-नॅशविरुद्ध लढणाऱ्या, आपल्याच बाजूच्या मानल्या जाणाऱ्या रँडी सॅव्हेजवर उडी घेतली. लढतीचा निकाल लागलाच नाही, लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला, आणि तरीही ती रात्र या खेळाच्या इतिहासातल्या मोठ्या रात्रींत गणली जाते. कारण तिकीट विकले गेले होते 'तिसरा कोण' या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर असे मिळाले की त्याहून मोठे उत्तर सुचणे कठीण. तो कचरा होगनवर फेकला होता, कंपनीवर नव्हे.

दुसरे उदाहरण त्याच कंपनीचे, 4 जानेवारी 1999 चे, अटलांटाच्या जॉर्जिया डोममधले. त्या रात्रीसाठी नॅश आणि गोल्डबर्ग यांची लढत जाहीर झालेली होती, आणि गोल्डबर्ग त्याच शहराच्या संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला, म्हणजे तिथल्यांचा आपला माणूस. कथानकात त्याला पोलीस घेऊन गेले आणि त्याच्या जागी होगन आला. होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावले, नॅश आडवा झाला, होगनने त्याचे खांदे टेकवले, रेफरीने तीन मोजले आणि बेल्ट हातात दिला. नियमाने पाहिले तर हा निकाल अगदी स्वच्छ होता, परंतु त्याआधी लढतच झाली नव्हती. ज्याने गोल्डबर्गसाठी पैसे मोजले त्याला गोल्डबर्ग मार खाताना दिसला. याला मी निःसंकोच टाळलेल्या निकालात धरतो. म्हणून दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी कागदावर कोण जिंकले हे पाहून भागत नाही. जाहिरातीने लोकांना कोणता प्रश्न विकला होता आणि ते उठले तेव्हा त्या प्रश्नाचे काय झाले होते, हे पाहावे लागते.

आपल्या देशातल्या प्रेक्षकाच्या वाट्याला यातले काय आले? 9 डिसेंबर 2017 रोजी दिल्लीत ट्रिपल एचने जिंदर महल या भारतीय वंशाच्या कॅनडाच्या पहिलवानाला हरवले. त्याच वर्षी मे महिन्यात महलने रँडी ऑर्टनवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेला विजय मिळवून अजिंक्यपद घेतले होते, त्यामुळे घरच्या लोकांपुढे तो जिंकेल अशी अनेकांची आशा होती. तो हरला, पण लढत पुरी झाली आणि नंतर दोघे भांगड्याच्या तालावर नाचले. 8 सप्टेंबर 2023 रोजी हैदराबादच्या गचिबावली येथे जॉन सिना आणि सेथ रॉलिन्स यांची जोडी उतरली आणि सरळ जिंकली. पांढरकवडा किंवा पाटणबोरीकडच्या माणसाला आदिलाबादमार्गे जाणारा तो रस्ता सवयीचा आहे, पण ते दिवस पोळा आठवड्यावर आलेले आणि सोयाबीनचा पैसा अजून शेतातच असलेले होते. उसने पैसे घेऊन, रात्रीच्या गाडीने जाऊन, दूरच्या खुर्चीत बसणाऱ्याला त्या दिवशी कोणताही धक्का बसला नाही, आणि त्याची त्याबद्दल तक्रार असण्याचे कारणही नव्हते. टीव्हीवर न दाखवल्या जाणाऱ्या दौऱ्यांत बहुधा लोकांच्या आवडत्यालाच जिंकवतात, ते याच हिशेबाने, कारण त्या गावात कंपनी पुन्हा कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. ज्याला आयुष्यात एकदाच तिकीट काढून रिंग पाहायची आहे त्याने असाच दौऱ्यातला कार्यक्रम निवडावा. आणि ज्याला अंडरटेकरच्या रात्रीसारखे काही अनुभवायचे आहे त्याने मोठ्या वार्षिक कार्यक्रमाकडे वळावे, मात्र पैसे भरण्यापूर्वी त्या लढतीची अट नीट वाचून घ्यावी.