दोन साहेबांच्या हाताखाली: प्रोजेक्ट मॅनेजर आला कुठून?

प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करण्याची जबाबदारी प्रोजेक्ट मॅनेजरची. पण त्यावर काम करणाऱ्यांची रजा, बढती आणि पगारवाढ मात्र त्यांच्या विभागप्रमुखाच्या हाती. कामाच्या ठिकाणची बरीचशी धुसफुस या ओढाताणीतून निघते आणि तिचं खापर फुटतं माणसांच्या स्वभावावर. मला हे अन्यायाचं वाटतं. ही ओढाताण रचनेतच आहे आणि ती जाणूनबुजून पत्करलेली आहे. तिचा माग काढत गेलं की आपण थेट रेल्वेपर्यंत पोहोचतो.

५ ऑक्टोबर १८४१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेलरोडवर दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकल्या. एक कंडक्टर आणि एक प्रवासी ठार झाले, सतरा जण जखमी झाले. एकेरी रूळ, डोंगराळ मुलूख, दोन्ही दिशांनी येणाऱ्या गाड्या, आणि निरोप पाठवायला तारही नाही. अपघातानंतर कंपनीने मार्गाचे तीन विभाग पाडले, प्रत्येकावर ठरावीक अधिकारी नेमले आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे नेमकेपणाने ठरवून टाकलं. तोवर बहुतेक व्यवसाय मालकाच्या नजरेच्या टप्प्यात चालत, त्यामुळे अशा आखणीची गरजच फारशी पडली नव्हती.

पुढचं पाऊल न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोडचा सुपरिंटेंडंट डॅनियल मॅकॅलम याने टाकलं. पन्नास मैलांच्या मार्गावर एक माणूस जातीने लक्ष घालू शकतो, पाचशे मैलांवर ते शक्य नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १८५५ मध्ये त्याने कंपनीच्या रचनेचा तक्ता तयार करवून घेतला. आज आपल्या ओळखीचा तक्ता वरून खाली उतरतो. मॅकॅलमचा झाडासारखा खालून वर वाढतो. मुळाशी अध्यक्ष आणि संचालक मंडळ, वर फुटणाऱ्या फांद्यांवर विभाग, स्टेशनं, इंजिनचालक, कामगार. त्याच्या नियमांतले दोन इथे महत्त्वाचे. एक, ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याला ती पेलण्याइतका अधिकारही द्यायचा. दोन, प्रत्येकाने फक्त आपल्या थेट वरिष्ठाचा हुकूम मानायचा. वरच्या साहेबानेही मधल्याला ओलांडून हुकूम सोडायचा नाही. पण त्याची शिस्त इतकी कडक होती की इंजिनचालकांनी संप केला आणि १८५७ मध्ये तो पायउतार झाला. नियम मात्र इतर रेल्वे कंपन्यांनी उचलले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक टेलर या अमेरिकी इंजिनिअरने याच्या नेमकं उलट सुचवलं. एका कामगारावर आठ वेगवेगळे फोरमन: कुणी वेग पाहणारा, कुणी दुरुस्ती, कुणी तपासणी. फ्रान्समध्ये खाणकंपनी चालवलेल्या आंरी फायोलने १९१६ च्या आपल्या ग्रंथात हे ठाम नाकारलं. माणसाला साहेब एकच हवा, दुहेरी हुकमत आली की गोंधळ ठरलेला, हे त्याचं तत्त्व. पुढची काही दशकं पारडं फायोलकडेच झुकलेलं राहिलं. हेन्री गँटचा पट्ट्यांचा तक्ता याच काळातला. पण तो वेळेचं गणित सोडवतो, अधिकाराचं नाही.

फायोलच्या तत्त्वाला खरा धक्का बसला शीतयुद्धात. क्षेपणास्त्र बनवायचं तर इंजिन, इंधन, दिशादर्शन, पाणबुडी, सगळं एकाच वेळी पुढे सरकायला हवं. अमेरिकी नौदलाने १९५५ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी रिअर ॲडमिरल विल्यम रेबॉर्न यांच्या हाताखाली स्वतंत्र कार्यालय उघडलं; तिथेच १९५८ मध्ये पर्ट ही नियोजनपद्धत जन्मली. जुलै १९६० मध्ये पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलारिस यशस्वीपणे झेपावलं आणि पर्टचा डंका वाजला. हार्वी सपोल्स्की या अभ्यासकाने पुढे दाखवून दिलं की, पर्टचा मोठा उपयोग बाहेरच्यांची ढवळाढवळ दूर ठेवायला झाला होता. आजही पद्धतीच्या नावावर खपणारं यश पाहताना मला हा निष्कर्ष आठवतो.

आपल्या प्रश्नाचं मूळ मात्र सरकारसाठी विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांत आहे. प्रत्येक कंत्राटासाठी जाब विचारता येईल असा एक माणूस सरकारला हवा होता. पण दर कंत्राटासाठी नवे इंजिनिअर आणायचे आणि काम संपलं की सोडून द्यायचे, हे परवडणारं नव्हतं. शिवाय विमानाच्या पंखांचा तज्ज्ञ आपल्यासारख्या तज्ज्ञांत राहिला तरच त्याचं ज्ञान ताजं राहतं. म्हणून साठच्या दशकात तोड निघाली: इंजिनिअर आपापल्या विभागातच राहतील आणि प्रोजेक्ट मॅनेजर त्यांना कामापुरतं मागून घेईल. आडव्या-उभ्या रेघांच्या या रचनेला मॅट्रिक्स म्हणू लागले. मॅकॅलमचे दोन्ही नियम इथे एकाच वेळी मोडले. माणसाला साहेब दोन झाले, आणि प्रोजेक्ट मॅनेजरकडे जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा.

एकाच वेळी अनेक कंत्राटं पेलणाऱ्या कंपन्यांना हा सौदा फायद्याचा होता. पण बँकांपासून औषध कंपन्यांपर्यंत अनेकांनी तो गरज न तपासता उचलला. मॅट्रिक्सवर पुस्तक लिहिणाऱ्या डेव्हिस आणि लॉरेन्स या अभ्यासकांनीच १९७८ मध्ये तिच्या दुखण्यांची यादी मांडली. सत्तेची रस्सीखेच आणि निर्णयांचा खोळंबा त्यात ठळक होते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी वेगळा मार्ग काढून पाहिला. १९९५ मध्ये मांडल्या गेलेल्या स्क्रममध्ये, म्हणजे छोट्या टीमने छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीत, प्रोजेक्ट मॅनेजर ही भूमिकाच नाही. काम कसं करायचं ते टीम ठरवते. पण पगार कोण ठरवणार, या प्रश्नाला स्क्रम हात घालत नाही. २०१२ मध्ये स्पॉटिफाय या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीच्या ‘स्क्वॉड’ (छोटी टीम) रचनेचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी त्याची नक्कल केली. त्यात स्क्वॉड रोजचं काम ठरवतं, तर पगार आणि माणसाची वाढ ‘चॅप्टर लीड’, म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांच्या गटाचा प्रमुख, पाहतो. ही एक प्रकारची मॅट्रिक्सच आहे, फक्त काम पार पाडण्याकडे झुकलेली, असं वर्णन करणाऱ्यांनीच त्यात मोकळेपणाने नमूद केलं आहे.